लंडन ते पॅरिस : अंतर किती, वेळ किती?

लंडन आणि पॅरिस या युरोपांतील दोन जुन्या राजधान्या. एकीचा मोठा विमानतळ हीथ्रो, दुसरीचा शार्ल द गोल. या दोन विमानतळांमधील सरळ अंतर ३४८ किलोमीटर, म्हणजे २१६ मैल आहे. या मार्गावर चालणारें जेट विमान उंचावर गेल्यावर ताशीं ८३० किलोमीटरांच्या आसपास वेग गांठूं शकतें. त्रैराशिक शिकलेल्या मुलास हीं दोन आंकडे दिले, तर तो पाटीवर लगेच उत्तर मांडील कीं, प्रवासास २५ मिनिटें लागावींत. परंतु विमान-कंपन्यांचें वेळापत्रक उघडून पाहावें, तर तेथें १ तास १५ मिनिटें किंवा १ तास २० मिनिटें असा वेळ छापलेला आढळतो. मुलाचें गणित चुकलेलें नाहीं आणि वेळापत्रकही खोटें नाहीं. मग मधलीं पन्नास-पंचावन्न मिनिटें गेलीं कोठें?

गोंधळ येथेंच संपत नाहीं. लंडनहून सकाळीं १० वाजतां निघालेला उतारू पॅरिसच्या घड्याळाप्रमाणें १२ वाजून २० मिनिटांनीं पोहोंचतो. तोच उतारू पॅरिसहून दुपारीं १ वाजतां परत निघाला, तर लंडनच्या घड्याळांत १ वाजून २० मिनिटें झालेलीं असतांना तो उतरतो. नुसत्या घड्याळांवर विश्वास ठेवला तर जातांना २ तास २० मिनिटें लागलीं आणि येतांना अवघीं २० मिनिटें लागलीं, असें म्हणावें लागेल!

"अंतर किती?" आणि "वेळ किती?" हे दोन प्रश्न वरवर पाहतां सर्वांत सोपे, परंतु विमानाच्या प्रवासांत त्या प्रत्येकाचीं तीन-चार निरनिराळीं उत्तरें संभवतात, आणि कोणतें उत्तर कोणत्या कामासाठीं घ्यावयाचें हें न ठरविल्यास घोटाळा होतो. हा घोटाळा केवळ शब्दांचा नाहीं. अंतराच्या प्रश्नापायीं याच मार्गावर एकदां सात माणसांचे प्राण गेले आहेत, आणि वेळेच्या प्रश्नाचा निकाल युरोपांतील सर्वोच्च न्यायासनास द्यावा लागला आहे. म्हणून या दोन विमानतळांचें उदाहरण हातीं घेऊन त्याची उकल करणें उपयुक्त ठरेल.

प्रथम सरळ अंतर. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें तिच्या पाठीवर खरी सरळ रेघ कोठेंच नाहीं. पृथ्वीच्या गोळ्यावर दोन ठिकाणीं टांचण्या टोंचून त्यांमध्यें दोरा घट्ट ताणला, म्हणजे तो ज्या वाटेनें बसेल ती त्या दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट. हा दोरा तसाच पुढें वाढविला तर तो पृथ्वीस वेढून तिचे दोन समान भाग करील. अशा वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात, आणि विमानतळांमधील जें अंतर कोष्टकांत दिलेलें असतें तें या बृहद्वृत्तावर मोजलेलें असतें.

हें अंतर काढण्यास मोठें गणित लागतें असें नाहीं. हीथ्रोचें स्थान ५१ अंश २८ कला उत्तर अक्षांश आणि ० अंश २७ कला पश्चिम रेखांश. शार्ल द गोलचें स्थान ४९ अंश १ कला उत्तर अक्षांश आणि २ अंश ३३ कला पूर्व रेखांश. दोहोंच्या अक्षांशांत १४७ कलांचा फरक आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात् १.८५२ किलोमीटर, तेव्हां दक्षिणेकडे १४७ सागरी मैल जावयाचें. रेखांशांतील फरक १८० कलांचा. पण ध्रुवाकडे जावें तसतशा रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ येत जातात, आणि ५० अंश अक्षांशावर त्यांमधील जागा विषुववृत्तावरील जागेच्या शेंकडा ६४ इतकीच उरते. म्हणून पूर्वेकडे जावयाचें तें सुमारें ११५ सागरी मैल. आतां काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजूंवरून कर्ण काढला कीं उत्तर सुमारें १८७ सागरी मैल, म्हणजे ३४६ किलोमीटर येतें. पृथ्वीचा आकार पूर्ण गोल नाहीं हें लक्षांत घेऊन सूक्ष्म गणित केलें, म्हणजे एक-दोन किलोमीटरांची भर पडून कोष्टकांतील आंकडा मिळतो.

या आंकड्याचा एक मोठा गुण असा कीं, तो कधीं बदलत नाहीं. वारा कोणताही असो, विमान कोणतेंही असो, ३४८ किलोमीटर ते ३४८ च राहतात. परंतु हाच त्याचा दोषही आहे. कारण प्रत्यक्षांत एखादें विमान या रेघेवरून तंतोतंत गेलें असें सहसा होत नाहीं. असें कां होतें, हें कळण्यासाठीं या मार्गाचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे.

इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडी विमानानें प्रथम ओलांडली ती लुई ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकानें, २५ जुलै १९०९ रोजीं. कॅलेजवळून निघून डोव्हरला पोहोंचण्यास त्यास सुमारें ३६ मिनिटें लागलीं. त्यानंतर दहाच वर्षांनीं, २५ ऑगस्ट १९१९ रोजीं, आजच्या हीथ्रोशेजारच्या हाउन्स्लो हीथ या मैदानावरून एक लहानसें द हॅविलँड विमान पॅरिसजवळील ल बूर्जे तळाकडे निघालें. त्यांत एक उतारू, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, थोडें कातडें, डेव्हनशायरची साय आणि कांहीं शिकारीचे पक्षी होते. महायुद्धांत बाँब टाकण्यासाठीं बनविलेल्या विमानाचेंच हें बदललेलें रूप. सुमारें अडीच तासांत तें पॅरिसला पोहोंचलें, आणि दोन देशांमधील रोजच्या नियमित विमानवाहतुकीस प्रारंभ झाला. पुढील वर्षीं लंडनचा तळ शहराच्या दक्षिणेस क्रॉयडन येथें नेण्यांत आला.

त्या काळच्या वैमानिकाजवळ होकायंत्र होतें, नकाशा होता आणि स्वतःचे डोळे होते. याहून विशेष कांहीं नव्हतें. तेव्हां सर्वांत भरंवशाची वाट म्हणजे खालीं दिसणारा रस्ता किंवा लोहमार्ग. आभाळ खालीं आलें कीं वैमानिकही खालीं येई आणि शेंदीडशें मीटरांच्या उंचीवरून रस्त्याचा माग धरून जाई. जाणारा याच रस्त्यावरून जाई आणि येणाराही याच रस्त्यावरून येई. शेताच्या अरुंद बांधावरून समोरासमोर येणारीं दोन माणसें एकमेकांस पाहून थांबतात, बाजूस होतात. आकाशांत थांबण्याची सोय नाहीं, आणि धुक्यांत पाहण्याचीही नाहीं.

जें व्हावयाचें तें ७ एप्रिल १९२२ रोजीं झालें. क्रॉयडनहून टपाल घेऊन एक इंग्रजी विमान निघालें होतें. त्यांत वैमानिक व एक तरुण मदतनीस होता. ल बूर्जेहून एक फ्रेंच विमान निघालें होतें. त्यांत वैमानिक, यंत्रज्ञ आणि तीन उतारू होते. पिकार्डी प्रांतांत पाऊस व धुकें होतें. दोन्ही विमानें एकाच रस्त्याच्या आधारानें, कमी उंचीवरून, विरुद्ध दिशांनीं येत होतीं. एका खेड्याजवळ तीं समोरासमोर आदळलीं आणि सातही माणसें मृत्यु पावलीं. उतारूंची नियमित वाहतूक करणाऱ्या विमानांची आकाशांत झालेली ही पहिली टक्कर. दोन्ही वैमानिकांनीं आपापल्या परीनें जवळची व ओळखीची वाट धरली होती, आणि तीच घाताची ठरली.

या अपघातानंतर विमान-कंपन्या व सरकारी अधिकारी यांची क्रॉयडन येथें बैठक झाली आणि विमानांनीं कोणत्या वाटांनीं जावें, समोरून येणाऱ्यास कोणत्या बाजूनें टाळावें, याचा विचार होऊन उजवी बाजू धरण्याचा नियम पुढें आला. विमानांत बिनतारी यंत्र असण्याची गरजही सर्वांस पटली. येथूनच सर्वांत जवळची वाट आणि विमानानें धरावयाची वाट या दोन गोष्टी निरनिराळ्या झाल्या. आज नकाशावरील सरळ रेघेपेक्षां प्रत्येक विमान जे जास्त किलोमीटर उडतें, त्यांतील बऱ्याचशांचें मूळ या विचारांत आहे. आकाशांतील वाटांमध्यें विमानें एकमेकांपासून साधारणतः ९ किलोमीटर आडवें किंवा ३०० मीटर उभें अंतर राखून असतात. हें अंतर राखण्यासाठीं कोणास वळसा घ्यावा लागतो, कोणास वर किंवा खालीं थांबावें लागतें. वळशाचा खर्च दिसतो. त्यामुळें टळलेली टक्कर दिसत नाहीं.

बिनतारी यंत्रानें या मार्गावर जी कामगिरी केली ती रेडिओ ऐकणाऱ्या प्रत्येकास कौतुकाची वाटेल. ढगांत सांपडलेला वैमानिक क्रॉयडनला विचारी, "मी कोठें आहें?" त्याचा आवाज कोणत्या दिशेनें येतो हें क्रॉयडन येथील यंत्र मोजी, त्याच वेळीं नॉरफोकमधील पुलम आणि केंटमधील लिम हीं केंद्रेंही मोजीत. तिन्ही ठिकाणांहून नकाशावर त्या त्या दिशेनें रेघ ओढली कीं जेथें त्या रेघा एकमेकींस छेदीत तेथें विमान असे, आणि तें स्थान थोड्याच वेळांत वैमानिकास कळविलें जाई. संकटांतील हांकेसाठीं इंग्रज व फ्रेंच अशा दोघांच्याही कानास स्पष्ट कळेल असा शब्द हवा होता. क्रॉयडनचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनीं "मेडे" हा शब्द सुचविला. "मला मदत करा" या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा तो उच्चार आहे. १९२७ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आज जगांतील कोणत्याही आकाशांत किंवा समुद्रावर संकटांत सांपडलेला माणूस जो शब्द उच्चारतो, तो या लंडन–पॅरिस वाटेनें दिलेला आहे. मुंबईचाही या क्रॉयडनशीं दूरचा संबंध येतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा जुहूच्या मैदानावर उतरले, तें ज्या इंग्लंड–हिंदुस्थान टपालसेवेस जोडून होतें तिचा आरंभ क्रॉयडनहून होत असे.

आतां वाऱ्याचा विचार. विमानाचा वेग म्हणून जो आंकडा सांगितला जातो तो हवेंतून जाण्याचा वेग असतो, जमिनीवरून जाण्याचा नव्हे. नदींतील होडीप्रमाणेंच हें आहे. नावाडी सारख्याच जोरानें वल्हीं मारीत असला तरी प्रवाहाबरोबर जातांना काठावरील झाडें भराभर मागें पडतात आणि प्रवाहाविरुद्ध जातांना तींच झाडें हलतां हलत नाहींत. १९३१ पासून या मार्गावर हँडली पेज कंपनीचीं चार इंजिनांचीं मोठीं विमानें चालूं लागलीं. त्यांचा वेग ताशीं सुमारें १६० किलोमीटर होता. समजा, वाटेंत ताशीं ५० किलोमीटरांचा वारा वाहत आहे आणि अंतर ३५० किलोमीटर आहे. वारा पाठीस असेल तर जमिनीवरील वेग २१० होऊन १०० मिनिटें लागतील. समोर असेल तर वेग ११० होऊन १९१ मिनिटें लागतील. वारा मुळींच नसेल तर प्रत्येक खेपेस १३१ मिनिटें लागलीं असतीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जातांना वाऱ्यानें मदत केली आणि येतांना अडविलें, म्हणजे हिशेब फिटला, असें सहज वाटतें. पण तो फिटत नाहीं. वारा नसतां जाण्यायेण्याचीं मिळून २६२ मिनिटें झालीं असतीं. वाऱ्यांत तीं २९१ झालीं. कारण अनुकूल वाऱ्याचा लाभ थोडा वेळ मिळतो आणि प्रतिकूल वाऱ्याचा त्रास पुष्कळ वेळ सोसावा लागतो. जेट विमानास मात्र हाच वारा फारसा जाणवत नाहीं. ताशीं ८३० किलोमीटरांच्या वेगांत ५० मिळविले किंवा वजा केले, तरी ३५० किलोमीटरांस २४ किंवा २७ मिनिटें लागतात. फरक तीन मिनिटांचा. तेव्हां हरवलेल्या पन्नास मिनिटांचा दोष वाऱ्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

तीं मिनिटें शोधण्यासाठीं उतारूबरोबर विमानांत बसावें लागेल. वेळापत्रकांतील वेळ विमान जमिनीवरून उचललें म्हणजे सुरू होत नाहीं. पूर्वीं उभ्या विमानाच्या चाकांखालीं लांकडी ठोकळे घालीत. ते काढल्यापासून दुसऱ्या ठिकाणीं पुन्हा घालीपर्यंतचा वेळ तो प्रवासाचा वेळ, अशी रीत पडली आणि ती अद्याप चालू आहे. म्हणजे धांवपट्टीपर्यंत जाणें, तेथें रांगेंत उभें राहणें, आणि उतरल्यावर धांवपट्टीपासून इमारतीपर्यंत येणें हें सर्व त्यांत मोडतें. हीथ्रोला दोनच धांवपट्ट्या आहेत आणि वर्षाला ४,८०,००० उड्डाणें व अवतरणें यांची मर्यादा तेथें घातलेली आहे. एवढी वर्दळ दोन पट्ट्यांवर असल्यावर रांग ठरलेलीच. जमिनीवरील या हालचालींत लंडनला पंधरा-वीस मिनिटें आणि पॅरिसला आठ-दहा मिनिटें सहज जातात.

पुढें उड्डाण. विमानास वाऱ्याकडे तोंड करून उडावें लागतें, आणि लंडनमध्यें वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा असतो. पॅरिस तर आग्नेयेस आहे. तेव्हां पॅरिसला जाणारें विमान प्रथम पॅरिसकडे पाठ करून उडतें आणि मग वळण घेतें. पॅरिसलाही धांवपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. पश्चिमेचा वारा असला कीं विमानास तळाच्या पूर्वेस जाऊन, मागें वळून, पश्चिमेकडे तोंड करून उतरावें लागतें. या दोन वळणांमुळें आणि ठरलेल्या वाटांमुळें ३४८ किलोमीटरांचे सुमारें ४०० होतात असें धरूं.

शिवाय ८३० चा वेग हा उंचावरील विरळ हवेंतला वेग आहे. सुमारें ३,००० मीटरांच्या खालीं विमानांनीं साधारणपणें ताशीं ४६० किलोमीटरांहून अधिक वेगानें जाऊं नये असा दंडक आहे. एवढ्या जवळच्या प्रवासांत वर चढण्यास पंधरा मिनिटें आणि खालीं येण्यास वीस मिनिटें गेलीं, म्हणजे पूर्ण वेगानें सरळ जाण्यास मधलीं दहा-पंधरा मिनिटेंच उरतात. त्यामुळें हवेंतील सरासरी वेग ताशीं ५२० किलोमीटर धरला, तर ४०० किलोमीटरांस ४६ मिनिटें लागतात. यांत जमिनीवरील १८ आणि १० मिनिटें मिळविलीं कीं बेरीज ७४ होते. हरवलेलीं मिनिटें अशीं सांपडतात.

उरलेलीं पांच-सहा मिनिटें कंपनीनें हातचीं राखून ठेवलेलीं असतात. पूर्वीच्या हंगामांत प्रत्यक्ष किती वेळ लागला तें पाहून ती वेळापत्रक आंखते, आणि थोडा अवसर जास्त ठेवते, म्हणजे किरकोळ विलंब झाला तरी विमान वेळेवर पोहोंचल्याची नोंद होते. परतीच्या प्रवासांत या राखीव मिनिटांची गरज विशेष भासते. लंडनभोंवतीं बोव्हिंग्डन, लँबर्न, ऑकहॅम आणि बिगिन अशीं चार ठिकाणें ठरलेलीं आहेत; तेथें उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानें एकावर एक, निरनिराळ्या उंचीवर, चकरा मारीत राहतात. अशा वेळीं लंडन शहर खिडकींतून दिसत असतें, अंतर जवळजवळ संपलेलें असतें आणि वेळ मात्र चालूच असतो. इंधन जाळीत वर थांबण्यापेक्षां निघण्यापूर्वीं जमिनीवरच थांबणें बरें, म्हणून ब्रुसेल्स येथील युरोकंट्रोल ही संस्था सबंध युरोपांतील उड्डाणांचा मेळ घालून गर्दीच्या वेळीं कोणत्या विमानानें केव्हां उडावें हें ठरवून देते. दार बंद करून उगीच बसवून ठेवलें म्हणून उतारू त्रासतो. तो थांबा पुष्कळदां पुढील आकाशांतील गर्दीसाठीं असतो.

घड्याळाचें कोडें याहून निराळें आहे. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेस फक्त २ अंश २० कला आहे. सूर्याच्या हिशेबानें दोहोंच्या वेळेंत ९ मिनिटें २१ सेकंदांचाच फरक पडतो. १९११ सालीं फ्रान्सनें कायदा करून आपलें घड्याळ बरोबर तितकेंच मागें घेतलें आणि ग्रिनिचशीं जुळवून घेतलें. त्यामुळें क्रॉयडनच्या दिवसांत, उन्हाळी वेळेचे अपवाद सोडले, तर दोन्ही शहरांचीं घड्याळें एकच वेळ दाखवीत. १९४० मध्यें जर्मन सैन्यानें पॅरिस घेतलें आणि बर्लिनची वेळ तेथें लागू केली. युद्ध संपलें, सैन्य गेलें. पण फ्रान्सचें घड्याळ पुढेंच राहिलें. आज लंडनहून येणारा उतारू जो एक तास गमावतो आणि परततांना जो परत मिळवितो, त्याचा सूर्याशीं फारसा संबंध नाहीं. तो इतिहासाशीं आहे.

प्रवास नेमका संपतो केव्हां, हा प्रश्नही वाटतो तितका निरर्थक नाहीं. २००४ सालीं युरोपीय संघानें उतारूंच्या हक्कांचा नियम केला. त्यांत भरपाईची रक्कम अंतरावर ठरविली : १,५०० किलोमीटरांपर्यंत २५० युरो, त्यापुढें अंतराप्रमाणें ४०० व ६०० युरो, आणि हें अंतर बृहद्वृत्तावर मोजावें असें स्पष्ट सांगितलें. म्हणजे वळसा कितीही पडो, पैशाच्या हिशेबाला दोऱ्याचेंच अंतर घ्यावयाचें. २००९ च्या एका निकालानें तीन तास किंवा अधिक उशीरा पोहोंचणाऱ्यासही ही भरपाई देय ठरली. आतां २०१२ मधील एक विमान पाहावें. तें ऑस्ट्रियांतील साल्झबुर्गहून जर्मनींतील कोलोन–बॉन विमानतळावर दुपारीं २ वाजून ४० मिनिटांनीं पोहोंचावयाचें होतें. त्याचीं चाकें जमिनीस लागलीं ५ वाजून ३८ मिनिटांनीं, म्हणजे २ तास ५८ मिनिटें उशीरा. तें आपल्या जागीं उभें राहिलें ५ वाजून ४३ मिनिटांनीं, म्हणजे ३ तास ३ मिनिटें उशीरा. दारें उघडलीं त्यानंतर थोड्याच वेळानें. चाकें टेंकलीं तो क्षण धरला तर उतारूस कांहीं मिळत नाहीं. दार उघडलें तो धरला तर २५० युरो मिळतात.

हा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापुढें गेला, आणि सप्टेंबर १९१४ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, ४ सप्टेंबर २०१४ रोजीं, त्याचा निकाल लागला. विमानाचें निदान एक दार उघडून उतारूंस बाहेर पडण्याची मोकळीक मिळते, तोच पोहोंचण्याचा क्षण होय, असें न्यायालयानें ठरविलें. कारण बंद विमानांत बसलेला माणूस स्वतःचें काम करूं शकत नाहीं, हवें तेथें जाऊं शकत नाहीं. तोंपर्यंत त्याचा वेळ त्याचा नसतो. यंत्राचा प्रवास चाकें टेंकतांच संपत असेल. माणसाचा प्रवास दार उघडल्यावर संपतो.

राजकारणही आकाशांतील अंतर लांबवूं शकतें. १ मे १९२२ रोजीं मॉस्को व त्या वेळचें जर्मन शहर क्योनिग्जबेर्ग यांमध्यें विमानसेवा सुरू झाली. वाट लिथुआनियांतील कौनासवरून होती. तेंच शहर आज कॅलिनिनग्राड या नांवानें रशियाच्या ताब्यांत आहे. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यावर युरोपीय संघानें आपलें आकाश रशियन विमानांस बंद केलें. तेव्हांपासून मॉस्कोहून तेथें जाणाऱ्या विमानांना उत्तरेस फिनलंडच्या आखातावर जाऊन बाल्टिक समुद्रावरून खालीं यावें लागलें. दोऱ्यानें मोजलेलें सुमारें १,१०० किलोमीटरांचें अंतर जेथल्या तेथें राहिलें. उडावयाचें अंतर मात्र फार वाढलें.

पुन्हा लंडन–पॅरिसकडे वळावें. १९५० सालीं व्हायकाउंट हें टर्बाइन इंजिनाचें विमान याच दोन शहरांमध्यें प्रथम उतारू घेऊन गेलें आणि हवेंतला वेळ एका तासाच्या आसपास आला. त्यानंतर विमानांचा वेग पुष्कळ वाढला, तरी वेळापत्रकांतील वेळ त्या मानानें कमी झाला नाहीं. कारण वेळ आतां हवेंत जात नसून हवेच्या दोन्ही टोंकांस जातो. शिवाय हीथ्रो लंडनच्या मध्यापासून सुमारें २३ किलोमीटर आणि शार्ल द गोल पॅरिसच्या मध्यापासून सुमारें २५ किलोमीटर दूर आहे. तेथवर पोहोंचणें, तपासणी, वाट पाहणें हें वेगळेंच. समुद्राखालचा बोगदा १९९४ सालीं खुला झाला, आणि २००७ पासून जलद आगगाडी शहराच्या पोटांतून निघून दुसऱ्या शहराच्या पोटांत सुमारें सव्वादोन तासांत पोहोंचूं लागली. १९१९ च्या त्या पहिल्या विमानास अडीच तास लागले होते. आगगाडीची वाट विमानाच्या दोऱ्यापेक्षां जवळजवळ दीडशें किलोमीटरांनीं लांब आहे; तरी घराच्या दारापासून दारापर्यंत मोजलें तर ती पुष्कळांस जवळची पडते. फ्रान्सनें २०२१ च्या कायद्यानें, देशांतल्या देशांत अडीच तासांच्या आंत आगगाडीनें जातां येत असेल अशा कांहीं विमानमार्गांस बंदी केली, आणि २०२३ पासून ती अंमलांत आली. तिचा हेतु इंधनाचा धूर कमी करण्याचा होता; पण अंतर किलोमीटरांनीं न मोजतां तासांनीं मोजावें, हा विचारही त्या कायद्यानें मान्य केला.

म्हणून दोन विमानतळांमधील अंतर व वेळ विचारणाऱ्यानें आपणांस हें कशासाठीं पाहिजे, तें आधीं ठरवावें. भरपाई मागावयाची असेल तर दोऱ्याचें अंतर घ्यावें. इंधन भरणाऱ्यास प्रत्यक्ष उडावयाचें अंतर पाहिजे, आणि वर थांबावें लागल्यास पुरेल इतकी शिल्लकही पाहिजे. पुढचें विमान गांठावयाचें असेल तर वेळापत्रकांतील वेळ धरावा, तोही स्थानिक घड्याळ पाहून. आणि आजारी आप्तास भेटण्यास किंवा परीक्षेस वेळेवर पोहोंचावयाचें असेल, तर आपल्या उंबरठ्यापासून त्या उंबरठ्यापर्यंतचा वेळ मोजावा, आणि त्यांत थोडी भर घालावी. त्रैराशिक मांडणाऱ्या मुलाचीं २५ मिनिटें खोटीं नाहींत. पण तीं ज्या मोकळ्या, निर्मनुष्य आकाशांत खरीं ठरतील तें आकाश लंडन–पॅरिसच्या मध्यें १९२२ च्या त्या एप्रिलपूर्वींच संपलें.